झाकण

नवतप्याचा चौथा दिवस.
ओसरीपासून पाण्यापर्यंत
दोनशे चौदा पावलं.
घर बांधलं त्या वर्षी अकरा होती,
तीही कुमुदच्या छोट्या पावलांनी.

कोराडीहून रिटायर झालो तेव्हा
फंडाच्या पैशांतून झिल्पीच्या तळ्याकाठी
दोन खोल्या आणि टिनाची ओसरी काढली.
भाऊ म्हणाला, नागपुरात फ्लॅट घे, भाडं येईल.
इथं भाडं येत नाही. पाणकावळे येतात.
यायचे.

या उन्हाळ्याची कामं कॅलेंडरच्या मागं लिहिलीत:
कूलरच्या ताट्यांत नवा वाळा.
टुल्लूचं वायसर.
न्हाणीच्या दाराला खालून पत्रा, उंदरांनी खाल्लंय.
आणि शेवटी, दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेला
लाकडी धक्का, होडी लावायला.

होडी नाही आपल्याकडं, कुमुद म्हणते.
पाणीही नाही.
ती चुकीचं बोलत नाही,
फक्त सकाळी सहाला बोलते.

दौलत नान्हे बिडी विझवून उभा राहिला.
"काऊन खोदून राहिले भाऊ? कोरड्यात?"
म्हटलं, पाणी असतं तेव्हा खांब रोवता येतो का?
त्यानं विचार केला. कुदळ घेतली.
"मंग इथं नाही. पाणी इथून वळते,"
आणि नुसत्या भेगा होत्या तिथं
टाचेनं एक वाकडी रेघ ओढली.

दुसऱ्या खड्ड्यात, वीतभर खाली,
कुदळ टणकन् वाजली.
स्टीलचं झाकण.
गाळ पुसला तर मशीननं कोरलेली अक्षरं:
सौ. कुमुद वि. डाखोळे, १२-५-८४.

दौलतनं वाचलं नाही. त्याला गरज नव्हती.
याच झाकणावरून आठ वर्षांपूर्वी
त्याच्या पंचफुलानं आमची भांडी घासणं सोडलं.
कुमुद फार काही बोलली नव्हती.
"डबा आहे, झाकण नाही," एवढंच.
पण तिच्याकडं बघून.
पुढं दौलत येत राहिला, मासोळी देत राहिला,
पैसे मोजून घेऊन.

त्यानं झाकण माझ्या हातात ठेवलं
आणि खड्डा आणखी खोल करू लागला.

कुमुदनं ते राखेनं घासलं. मग चिंचेनं.
मग उगाच परत राखेनं.
दुपारभर कूलर ओला गरम वारा फेकत होता,
ती कुशीवर पडून झाकणाकडं बघत होती.
मी ताटी शिवत होतो.
वाळ्याचं कुसळ बोटात गेलं,
ते काढ म्हणून तिला सांगितलं नाही.

पाच वाजता तिनं डबा काढला,
आठ वर्षं ताटलीनं झाकलेला.
मुगवड्या भरल्या, झाकण लावलं,
दाबलं, उघडलं, परत दाबलं.
पदर डोक्यावर घेतला आणि निघाली.
बांधावरून नाही. बांधावरून दीड मैल पडतं.
तळ्यातून.
शिंपल्यांचा कुरकुर आवाज करत,
दौलतचा बांबू कधी तळाला टेकला नव्हता
त्या जागेवरून
ती बुटकी होत गेली,
मग पलीकडच्या बेशरमच्या झुडपांत दिसेनाशी.
मी तिची पावलं मोजत होतो.
तीनशेनंतर चुकलो.

काय बोलणं झालं ते विचारलं नाही.
अंधार पडल्यावर आली. काखेत एक डांगर,
दौलतच्या वाडीतलं,
तळ्यात ओल राहिलीय तेवढ्या पट्टीतलं.
डबा नव्हता.
"फिकं निघंल म्हणाली. साखर लावून खा म्हणाली."

धक्क्यावर बसून खाल्लं,
तीन फळ्या झाल्या होत्या तेवढ्यावर,
पाय खाली सोडून.
खरंच फिकं होतं. साखर घरात राहिली,
आणायला कोणी उठलं नाही.

मग बांधावर टँकरचे दिवे दिसले.
कुमुद बादल्या काढायला उठली तेव्हा
मधली फळी हलली.
उद्या तिथं आणखी एक खिळा.