पेव

सत्याप्पा ऐवळे, वय एकाहत्तर, राहणार हरिपूर.
मिरजेत, रेडिएशनच्या टेबलावर,
मानेवर जांभळ्या शाईची फुली.
मला विचारतो,
"मॅडम, आत कंदील सोडून बघितलाय न्हवं?"

चाळीस वर्षं त्यानं हळदीची पेवं उघडली.
वीस फूट खोल, तोंड माणूस मावेल एवढंच,
लिंपून मिटवलेलं.
हवा नाही म्हणून कीड नाही.
झाकण काढलं की अर्धा दिवस थांबायचं,
मग दोरीला कंदील.
जळत राहिला तर माणूस उतरणार.
विझला तर काठावर तंबाखू मळत बसायचं.
त्याचा मेव्हणा बसला नाही.

त्याची स्लाइड मी पाहिली आहे.
रक्तवाहिनीच्या कडेनं पेशींची दाटी,
तिथून लांब, मधोमध, पेव.
श्वास पोचत नाही
आणि कीड मात्र मरत नाही.

पोतं फाटलं की त्याची बायको दाभण घेऊन बसायची.
शेजारी धड पोतं पसरून वीण मोजायची,
तशीच भरायची. चिमूटभर हळद सांडत नसे.
पेशीतही अशी एक असते,
तुटल्या धाग्याशेजारी त्याची धड जोड ठेवून
अक्षर न अक्षर लावून घेणारी.
हवा आटली की पेशी खर्च कापते,
आधी तिलाच घरी बसवते.
मग उरतो घाईतला कुणी:
दोन टोकं ओढतो, गाठ मारतो,
मधली चार अक्षरं गेली तर गेली.
गाठीवर गाठ.
आजाराचं नावही तेच आहे,
हे मला इंग्रजी पुस्तकांत दिसलं नव्हतं.

एवढं उसवलेलं, मग एका झटक्यात फाटायला हवं.
पण माझ्या किरणांनाही हवा लागते.
ते धागा तोडतात, प्राणवायू ती तूट पक्की करतो.
तो नसला की तुटलेलं तिथल्या तिथं मिटतं
आणि मी काचेबाहेर
डोस बरोबर गेल्याची सही करते.

म्हणून रोज थोडं थोडं.
वरचा थर मेला की खाली जरा हवा उतरते.
"म्हंजे झाकान काढून थांबायचंच की,"
तो मुखवट्यातून म्हणतो. "कराय येतंय मला त्ये."

एकोणिसावी खेप.
जड दार सरकतं. मी दोरी सोडते.

आज जाताना त्यानं मेव्हण्याचं नाव सांगितलं. म्हाळू.
फाइलमध्ये ते कुठं लिहायचं कळेना.