सर्वानुमते

मीटिंगची वही माझ्याकडे असते.
अंबडच्या कारखान्यात अकरा वर्षं
मी इतरांचं बोलणं टिपतो,
फरशीवर सांडलेल्या पाण्यासारखं पसरलेलं,
आणि खाली रेघ मारून लिहितो : ठरलं.

त्या गुरुवारी विषय एकच होता.
चार नंबरच्या प्रेसची डाय झिजली होती,
तांब्याच्या प्रत्येक पट्टीला
केसाएवढी धार येत होती, बोट फिरवलं की लागणारी.
आणि शनिवारी संध्याकाळी
बारा हजार नग गाडीत चढायचे होते.

नमनालाच घडाभर तेल गेलं.
मोगलसाहेबांनी मागच्या वर्षीचं काढलं,
ही डाय कोणी आणली, सही कोणाची.
त्यातून निघालं खरेदी खातं,
खरेदीतून ओव्हरटाइम, ओव्हरटाइममधून कँटीनची आमटी,
आमटीतून सायकल स्टँडचा गळका पत्रा.
खैरनार म्हणाले, विषय निघालाच आहे तर...
आणि विषय निघाला तो थेट पाथर्डी फाट्यापर्यंत गेला.
खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो.
मी वहीत त्याचा उतार काढत बसलो.

साडेबाराला भूक लागली
आणि भूक लागली की आमचं एकमत होतं.
"मग करू या तसंच," कुणीतरी म्हणालं.
सात माना हलल्या.
मी लिहिलं : सर्वानुमते.

वसुंधरा बोरस्ते क्वालिटीला नव्याच आल्या होत्या.
त्यांची मान हलली नव्हती, हे मी नंतर आठवलं.
त्यांनी सातही जणांना पाठकोऱ्या चलनाचा तुकडा दिला.
"काय ठरलं, एवढंच लिहा. शेजारी बघू नका."
खैरनार हसले, घटक चाचणी म्हणाले.
पेनं मात्र लवकर चालेनात.
मला तुकडा मिळाला नाही.
मी तर लिहून मोकळाच झालो होतो.

बाईंनी नावं न घेता वाचलं.
डाय बदलायची.
डाय सोमवारी बदलायची.
नग हाताने घासायचे, रियाजची माणसं घासतील.
(रियाज तांबोळीने चमकून वर पाहिलं.)
ग्राहकाला फोन करायचा.
ग्राहकाला कळू द्यायचं नाही.
मोगलसाहेब म्हणतील तसं.
सातवा तुकडा टूलरूमच्या गांगुर्डेंचा, ते अक्षर सगळे ओळखतात :
"प्रश्न कोणता होता?"

कोणी हसलं नाही.
उघड्या डब्यातला मेथीचा वास खोलीभर.

मग बाईंनी फळा पुसला. मधोमध लिहिलं :
शनिवारी ही गाडी जाऊ द्यायची का?
कोपऱ्यात चौकोन आखला, वर लिहिलं "नंतर".
आमटी चौकोनात गेली. पत्रा चौकोनात.
मागच्या वर्षीची सही
मोगलसाहेबांनी स्वतः उठून चौकोनात लिहिली,
खडू दोनदा तुटला.

तेव्हा गांगुर्डे बोलले, वर्षातून दुसऱ्यांदा असेल.
हाताने घासलं तर धार जाते, मापही जातं.
डाय घालायला एक दिवस, रात्र धरून.
स्टोअरची प्रांजल म्हणाली, जुने तीन हजार नग
चांगले पडलेत, मला कोणी विचारलंच नाही.
तीन हजार शनिवारी, बाकीचे मंगळवारी.
"फोन मी करतो," मोगलसाहेब म्हणाले.
या खेपेला मान कोणी हलवली नाही.
ज्याने त्याने आपल्या वाट्याचं तोंडाने सांगितलं.
खैरनार म्हणाले, मला पटलेलं नाही,
पण ट्रान्सपोर्टला मी कळवतो.
"तेही लिहा," बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या.

लिहिलं. वरचं "सर्वानुमते" खोडलं.
लांब शब्द आहे, खोडायला वेळ लागतो.

दोन वाजता चार नंबर थांबला.
माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास असतो,
त्यातलं पाणी पहिल्यांदाच थरथरताना दिसलं नाही.

पत्रा अजून चौकोनात आहे. गळतो.
झाडणाऱ्या सोनूबाई फळा पुसतात तेव्हा
तेवढा कोपरा सोडून पुसतात.