मिळून येणं

ओव्हिडच्या पायाचा अंगठा कापला त्या आठवड्यात
डॉक्टरीणबाईंनी एका कागदावर
मैदा, भात, कॉर्नस्टार्च, बटाटा
अशी नावं लिहिली आणि एकेकावर काट मारली.
गम्बोचं नाव त्यात नव्हतं.
पण मैदा गेला म्हणजे रू गेला,
आणि रू गेला की उरतं नुसतं गढूळ पाणी,
ज्यात कोळंबीसुद्धा बुडून मरेल.

बत्तीस वर्षं रू त्यानेच केला.
बोटीवरून आला की कोपरापर्यंत हात धुवायचा,
बिडाच्या कढईत तेल, तेलात मैदा,
लाकडी उलथनं, मंद आच.
आधी वाळूचा रंग, मग शेंगदाण्याचा,
मग जुन्या पेनीचा,
मग संध्याकाळी सहाच्या सुमाराला
आमच्या बायूच्या पाण्याचा असतो तो.
चाळीस मिनिटं. दारात पाद्री आला तरी मान वळवायची नाही.
मी शेजारी कांदा, सेलरी, ढोबळी मिरची चिरायचे
आणि आम्ही बोलायचो.
म्हणजे मी बोलायचे. तो ढवळायचा.

लेकीनं ह्यूस्टनहून पांढरी पूड धाडली, झँथन गम.
"आई, चिमूटभर," तीनदा बजावलं.
चिमूट कुणाची, ते नाही सांगितलं.
मी भरला चमचा ओतला.
माशांच्या डोळ्यांएवढ्या गुठळ्या झाल्या,
आणि अर्ध्या तासानं डाव उचलला
तर डावाला धरून अख्खं पातेलंच वर यायला निघालं.
ओव्हिड म्हणाला, "झेली, ठेव हे,
बोटीच्या फटी बुजवायला होईल."
आणि हसला. इस्पितळातून आल्यावर पहिल्यांदा.

मग शिकले हळूहळू.
पाव चमच्याच्याही निम्मी,
आधी तेलात कालवायची, मग धार धरायची,
आणि हात आवरून थांबायचं.
दाटपणा उशिरा येतो.
घाई केली तर दुपटीनं येतो.
जवसाचं पीठ घातलं, गवताचा वास आला.
अंड्याचा बलक घातला, तो फाटला.

भेंडी तर कुंपणापलीकडेच होती.
मिस अर्लीन म्हणाली, "गम्बो म्हणजे भेंडीच, बाई,
माझ्या पणजीच्या पणजीच्या बोलीत.
तुमचा मैदा मागाहून घुसला."
कापून दिली टोपलीभर. म्हणाली,
"बुळबुळीला भिऊ नकोस,
तार तुटेपर्यंत परत."
आणि म्हाताऱ्या वर्दिननं ससाफ्रासच्या पाल्याची
स्वतः कुटलेली हिरवी पूड दिली, फिले,
ती गॅस बंद केल्यावरच.
उकळलीस तर दोर वळशील, म्हणाला.

मिळून आला गम्बो.
उलथन्याच्या पाठीवर बोट ओढलं तर रेघ राहत होती.
भाताच्या जागी फ्लॉवरचा चुरा,
ओव्हिडनं दोन वाडगे खाल्ले
आणि "चांगलंय" म्हणाला,
रविवारी प्रवचनाला म्हणतो त्याच सुरात.

बारा मिनिटांत होतो आता.
उरलेल्या अठ्ठावीस मिनिटांचं काय करायचं
ते कागदावर नव्हतं.
तो टीव्हीसमोर बसायचा.
मी सेलरी फार बारीक चिरायला लागले.

परवा रात्री दीडला वासानं जाग आली.
भाजलेला मैदा. कॉफी, अक्रोड आणि थोडं जळणं
यांच्या मधला कुठलासा वास.
स्वयंपाकघरात दिवा, स्टुलावर ओव्हिड,
बँडेजचा पाय खुर्चीवर,
कढईत रंग पेनीच्या जरा अलीकडे.
"खाणार नाहीये," मान न वळवता म्हणाला.
"बरणीत भरून अर्लीनला देईन."

त्या कागदावर
ढवळण्यावर काट नव्हती, आठवलं मला.
मी काही विचारलं नाही.
टोपलीतून एक कांदा काढला, सुरी काढली.
कशासाठी चिरतेय, त्यानंही विचारलं नाही.
चर्चचं छप्पर गळतंय, इथपासून सुरुवात केली,
मग डिझेलचा भाव, मग लेकीचा नवा मित्र.
बायूच्या रंगाला पोचायला
अजून पंधरा-एक मिनिटं होती.