येऊ दे, येऊ दे, बस

नाचण्याच्या आमच्या गल्लीत
दोन रिक्षा समोरासमोर आल्या
तर एकीला उलटं जावं लागतं
थेट गिरणीपर्यंत.
जावईबापूंना हे सांगून पाहिलं.
ते म्हणाले, मग अंगणात पेव्हर घाला ना.

घातले.
विजापूरचे तिघे आले, एक बाई,
तिचं पोर चिऱ्याच्या सावलीत झोपवलेलं.
आधी अनंत तोडला.
मग अबोलीचा वाफा, मग ती जागा
जिथे काहीच नव्हतं,
जिथे दर दिवाळीआधी मी माती ओढून
चोपण्यानं चोपायची, शेणानं सारवायची
आणि दोन दिवस
कुणाला पाय ठेवू द्यायची नाही.
ह्यांनी डायरीत हिशेब ठेवला:
नऊशे चाळीस ठोकळे, अकरा फुटके.
अनंताचा हिशेब नाही.

जावयाची गाडी वर्षातून सहा दिवस येते,
गणपतीत चार, मे महिन्यात दोन.
उरलेले तीनशे एकोणसाठ दिवस
मी ठोकळे झाडते.
हिराच्या झाडूचा आवाज त्यावर वेगळाच येतो,
कुणी रिकामं पातेलं खरवडतंय तसा.

आषाढात पाणी ठोकळ्यांवरून सुटलं
ते होडेकरांच्या पडवीत.
जुबेदा काही बोलली नाही,
गडग्यापलीकडे गोणपाट पिळत राहिली
माझ्याकडे बघत बघत.
आणि उन्हाळ्यात आमच्या विहिरीनं
पंधरा दिवस आधीच तळ दाखवला.
टँकरवाल्याचा नंबर
त्याच डायरीत.

मग जुबेदाच्या मुश्ताकनं गाडी घेतली,
पांढरी, पिवळ्या पाटीची.
पुळ्याला टुरिस्ट नेतो.
लावणार कुठे?
गटाराच्या फरशीवर एक चाक चढवून
दोन महिने काढले. कुणी आरसा मोडला,
कुणी काचेवर बोटानं शिवी लिहिली.
शेवटी आला, चप्पल फाटकाबाहेर काढून:
काकी, रात्रीपुरती.
भाडं काही ठरलं नाही.
कधी फाटकाला पिशवी अडकवलेली असते,
आत बांगडे.

गणपतीत काय करायचं, ते गणपतीत बघू.

रात्री साडेदहाला
हे बनियनवर बाहेर येतात, बॅटरी हलवतात:
येऊ दे, येऊ दे, बस.
चाळीस वर्षांत कुणाला इतक्या मायेनं
ये म्हणताना
मी ह्यांना ऐकलेलं नाही.

गेल्या वैशाखात रातांबे फोडले.
सोलं सुकवायची कुठे?
ठोकळ्यांवर गाडी, गाडीवर ऊन.
बॉनेटवर जुनं लुगडं पसरलं
आणि ओळीनं मांडली.
दुपारपर्यंत रस झिरपून
पांढऱ्या पत्र्यावर जांभळा नकाशा.
मुश्ताक रात्रीचं भाडं मारून झोपलेला,
उठून आला,
बोट ओलं करून घासून बघितलं.
काकी, कस्टमर विचारतील ना.
म्हटलं, सांग, रक्त नाही, आमसूल आहे.
हसला नाही.
मग हसला.
डाग अजून आहे,
माहीत असेल त्यालाच दिसतो.

परवा हे सांगलीला गेले होते.
पहार घेतली,
नळाजवळच्या कोपऱ्यातले सात ठोकळे उचकटले.
खाली ग्रिट, खाली खडी, खाली माती,
फिकुटलेली, सुरकुतलेली,
प्लास्टर कापल्यावर हात निघतो तशी.
सिव्हिलच्या नोकरीत असे हात
कितीतरी धरले मी.
तेव्हा पेशंटला सांगायचे,
लगेच काही उचलू नका.
म्हणून काही लावलं नाही तिथे,
नुसती उघडी ठेवली.

हे आले. बघितलं.
डायरी काढली नाही.

रात्री गाडी आली, बॅटरी हलली,
येऊ दे, येऊ दे,
आणि ह्यांनी बस म्हणायच्या आत
मुश्ताकनं ब्रेक दाबला.
मागचं चाक
मातीच्या वीतभर अलीकडे.