इतर भार

कारखानीस वकिलांनी तीस वर्षं मागितली होती.
तीसच. त्यामागचं कायदा विचारत नाही,
बिल्डर तर मुळीच नाही.
इंडेक्स टू चाळत मी मागे मागे गेले
आणि एका जागी पानंच संपली.
अशा वेळी लिहायचं असतं,
"काही पाने जीर्ण अवस्थेत आढळली",
की आपण सुटलो.

पण मालमत्ता पत्रकावर धारकाच्या रकान्यात
कुणा कारकुनाच्या गोल, सावकाश अक्षरात होतं:
कुमारी केतुरा शलोम आष्टमकर.
एवढ्या नावासाठी मी उथळसरला गेले,
त्या गल्लीत, जिथे वळताना
रिक्षावाला आरसा मिटून घेतो.

घरात आता चुरी राहतात, भाड्याने.
मीनलताईंनी आधी वीजबिल पुढे केलं.
महावितरणच्या लेखी बाई हयात आहेत.
दर महिन्याला युनिट जाळतात,
उशीर झाला तर दंडही भरतात.

कुठे गेल्या?
समोरचे परेरा म्हणाले, इस्रायलला, अडुसष्ट साली.
मी स्वतः ट्रंक उचलली टांग्यात.
परेरांची बायको आतून म्हणाली, ट्रंक बहिणीची होती.
ही सिव्हिलमध्ये गेली, कितीतरी वर्षांनी,
आणि तुम्ही त्या दिवशी कल्याणला
कुणाच्या लग्नात ट्रम्पेट फुंकत होता.
मग दोघंही माझ्याकडे बघत राहिले,
जसा निकाल मीच देणार.

स्वयंपाकघराच्या दाराची मागची बाजू
कुणी कधी रंगवलेली नाही.
तिथे पेन्सिलचे आकडे, तारखांसकट, वरपासून खालपर्यंत:
दोन. अडीच. साडेतीन. पाच.
मला वाटलं, कुणाची तरी उंची, फुटांत.
पण असं कुठलं मूल असतं
जे मे महिन्यापर्यंत वाढत जातं
आणि ऑगस्टात पुन्हा रांगायला लागतं?

ते मला अंगणात कळलं,
मोटरसायकलींच्या खाली लादी पोकळ वाजली तेव्हा.
विहीर.
दोरी सोडून हातांनी मोजलेलं पाणी,
दर शुक्रवारी, दिवे लावायच्या आधी.
शेवटची ओळ: २ मार्च ७९. पाच हात. मचूळ.
म्हणजे अडुसष्टची ट्रंक बहिणीचीच.
परेरांना हे मी सांगितलं नाही.

निघताना मीनलताई मला सोडायला दारापर्यंत आल्या
आणि बोलता बोलता उजव्या चौकटीला
त्यांनी बोटं टेकवली.
तिथे खांद्याच्या उंचीवर बोटभर तिरकी जागा,
लाकूड उघडं, वर एक भोक, खाली एक.
"काय होतं इथे?"
"काय माहीत. हात लावायचा असतो."
"कुणी सांगितलं?"
"सासूबाई लावायच्या."

मी पुन्हा आत गेले.
त्यांच्या थोरल्याने मोटरसायकली हलवल्या,
पहारीने झाकण उचकटलं.
आतून जुन्या पितळेसारखा वास आला.
कपडे वाळवायच्या दोरीला वरवंटा बांधून सोडला,
ओली झाली तिथपासून हातावर मोजली
आणि पोरगा "कशाला?" विचारायच्या आत
दारामागे लिहिलं: आजची तारीख. साडेचार हात.
चव घेतली नाही. तेही लिहिलं.

एप्रिलात पाडकाम आहे. दारही जाईल.

अहवाल रात्री टाईप केला.
धारकाचे वारस: चौकशीअंती आढळले नाहीत.
इतर भार: निरंक.
शब्द बरोबर आहे. ऑफिसात सगळे हाच वापरतात.
शेवटी खर्चाचा तपशील:
झेरॉक्स बावीस रुपये, रिक्षा एकशे चाळीस.
दोरी मी परत करायची विसरले.
पिशवीत ती अजून ओली आहे
आणि अहवालाचा एक कोपरा
फुगलाय.