पाणीपातळी, गिधाडे

घाटाच्या पायऱ्यांवर पांढरी पट्टी, तिच्यावर काळे आकडे.
ऑगस्टात दर तासाला बॅटरी मारून
मी नदी वाचतो, वहीत उतरवतो:
एकशे अठ्ठावीस पॉइंट चार. चढती.

तेवीस वर्षं झाली.
मुलताईचं कुंड पाहिलं नाही,
समुद्र तर नाहीच.
माझी तापी एवढीच, या बाभळीपासून पलीकडच्या दरडीपर्यंत.

पण कोण येऊन मिळालंय ते सांगतो.
सागाची पानं गरगरत आली की अनेर,
सातपुड्यात कुठंतरी झोडपलंय.
कांद्याची टरफलं, तांबूस गढूळ: पांझरा, साक्रीकडची.
गिरणा उशिरा येते, धरणांना विचारून विचारून.
पूर्णा मात्र डोळ्यांना कळत नाही,
ती वर चांगदेवलाच विरघळलेली.
तिच्या काठच्या विहिरी खारट, म्हणतात, पार वऱ्हाडात.
म्हणजे समुद्राची चव
तिनं घरून निघतानाच पदराला बांधली.

गोदा, भीमा, कृष्णा उगवतीला गेल्या.
ही दोन डोंगरांमधल्या खोल चिरेत उतरली
आणि मावळतीकडं चालू लागली,
काळ्या मातीत घळी पाडत,
कुणाला न विचारता.

रात्री दोनला वायरलेसवर आकडा जातो.
पाण्याला अजून सारंगखेडा गाठायचाय, प्रकाशा,
मग उकाईच्या भिंतीला टेकून थांबायचंय;
आकडा तोवर सुरतेत.
तिथं आमचा भटू, उधन्यात, साड्यांच्या कारखान्यात.
"बाबा, नदी कशी शे?"
"चढी ऱ्हायनी."
निंबा मागून ओरडते, जेवला का विचारा.

ज्या साली ते शहर बुडालं
त्या रात्री माझा एकही आकडा चुकला नव्हता.
भटू जिन्याच्या बुडलेल्या पायऱ्या मोजत होता,
मी घाटाच्या.

परवा पुलावरून बोलला:
इथं दिवसातून दोनदा नदी उलटी येते, बाबा.
खाडीतून आत, आपल्या दिशेनं.
आणि हसला.

मी वही उघडली.
चढती. उतरती. स्थिर.
चौथा रकानाच नाही.

आता पहाटेचा आकडा लिहून झाला
की जरा वेळ पायरीवर बसतो.
समासात पेन्सिलीनं छोटा बाण काढतो,
उगवतीकडं तोंड केलेला,
आणि साहेबांची जीप यायच्या आत
खोडून टाकतो.