कितें व्हरता?

वाळपईला, कायतानच्या शेडमध्ये
गाडी खड्ड्यावर उभी.
मी यादी काढली:
दोन इंच लिफ्ट, गॅसचे शॉक,
मागे जाड, कडक स्प्रिंग.

यादी त्याने वाचलीच नाही.
बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून
गाडी दाबली, सोडली,
ती किती वेळा डुलते ते मोजत राहिला
नाडी बघावी तसा.

"पयलीं सांग, कितें व्हरता?"

छपरावरचा तंबू, पासष्ट किलो.
पाणी चाळीस लिटर. दोन स्टेपन्या.
शेगडी, उकडे तांदूळ, सुके बांगडे,
स्पितीपर्यंत पुरतील एवढे.

"आनी?"

आणि सुलक्षा.
बावन्न किलो.
गेल्या फेब्रुवारीपासून मणक्यात चार स्क्रू.
चोर्ला घाटात ती
खड्डा यायच्या आधीच
खिडकीवरची कडी धरते.
म्हणत काही नाही.

कायतानने पान्याने कान खाजवला.
कडक स्प्रिंग परत भिंतीला टांगली.
"भरलेल्या गाडीक ती बरी.
तंबू काढून बाजारात गेलास
की आपटत राहील, गोणीसारखी."

लिफ्टवर त्याने पेन्सिलीने काट मारली.
पायरी उंच झाली तर चढणार कशी ती?
मधल्या जाडीची कॉइल काढली,
जुन्या पेपरात गुंडाळलेली,
आणि शॉक असे, की ज्यांची चावी फिरवून
रोजच्या वजनाप्रमाणे सैल करता येतील.

संध्याकाळी पुन्हा बॉनेट दाबलं.
खाली. वर.
गप्प.

सुलक्षा रस्त्यापलीकडून आली,
हातात पावांची पिशवी.
काही न विचारता बसली, म्हणाली,
"दार अजून कुरकुरतंय."